माहेरचा रविवार

कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर आमचे दोन फ्लॅट आहेत, मधली भिंत पाडून एक केलेले. तिथे बायका राहतात. या सगळ्या आधी रस्त्यावर होत्या, मग कुणीतरी त्यांना इस्पितळात पोचवलं, आणि गोळ्यांनी डोकं जरा शांत झाल्यावर त्या आमच्याकडे आल्या. मी त्यांची सायकॉलॉजिस्ट. सोसायटीच्या भाषेत 'वेड्यांच्या मॅडम'. आम्ही आलो त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये सूचना लागली, 'अनोळखी व्यक्तींशी बोलू नये'. आमच्या बायका पहिल्या मजल्यावरच्या, लिफ्टमध्ये कधी पाऊलही टाकत नाहीत. पण पुण्यात सूचना लावायला कारण लागत नाही, जागा लागते.

मी हे काम बरीच वर्षं करते आहे. लोकांना वाटतं, यात फार दया लागत असेल. दया सुरुवातीला असते, पुढे ती आटते. मला तरी नंतर रागानेच तारलं. नातेवाइकांचा राग, इस्पितळातल्या रांगांचा राग, आमच्याच क्षेत्रातल्या शब्दांचा राग. रस्त्यावरच्या बाईला उपचारासाठी नेलं की आमच्यातले लोक सहज म्हणतात, 'तिला उचललं.' नो-पार्किंगमधली स्कूटर उचलतात तसं. मी प्रत्येक वेळी टोकते आणि प्रत्येक वेळी समोरचा म्हणतो, 'मॅडम, तुम्ही पण ना.'

ज्यांच्याविषयी मला लिहायचं आहे, त्यांनाही असंच पुण्यातल्या एका एसटी स्टँडजवळच्या फुटपाथवरून उचललेलं होतं. साठी उलटलेली, बारीक अंगाची, ताठ बसणारी बाई. बोली वऱ्हाडी, म्हणून घरातल्या सगळ्या त्यांना वऱ्हाडच्या ताई म्हणू लागल्या, आणि मीही.

फुटपाथवर किती वर्षं गेली हे त्यांना सांगता येत नव्हतं. आसपासचे चहावाले सांगत की या बाईने कधी कुणापुढे हात पसरला नाही. कुणी काही दिलं तर घ्यायची, मागायची नाही. तिचं काम एकच. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचं, 'कंपनी कुठी हाय?' आणि लोक हसले की परत आपल्या जागेवर येऊन बसायचं. इथे का बसलात असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'कंपनीतून न्यायले येतीन.'

आता एखादी बाई मनोविकाराच्या इस्पितळात जाऊन म्हणाली की कंपनीतून मला न्यायला येणार आहेत, तर डॉक्टर काय समजणार? त्यांनी भ्रम म्हटलं. मीही भ्रमच म्हटलं. ताईंना आवाज ऐकू येत होते, जेवणात कुणीतरी काही कालवतं असं वाटत होतं. त्या मानाने ही कंपनी फारच साधी होती, पण तिलाही आम्ही त्याच पंगतीला बसवलं. गोळ्या सुरू झाल्या. आवाज कमी झाले, जेवणावरचा संशय गेला, झोप लागू लागली. कंपनी मात्र गेली नाही. मग कंपनीसाठी गोळी वाढवली. ताईंचे हात थरथरू लागले, चहा बशीत सांडू लागला. त्या थरथरत्या हातात कप धरून त्या मला समजावत, 'येतीन म्याडम. कंपनीले सुट्टी भेटत नसन.'

त्याच सुमाराला सदाशिव पेठेत वाढलेल्या एका तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, 'या स्वतःला पुरुष समजतात का हो? सारखं मी जातो, मी करतो म्हणतात.' मी म्हटलं, 'अहो, अर्ध्या महाराष्ट्रात बायका असंच बोलतात. आपण अधूनमधून पेठेबाहेर पडत जा.' ते ओशाळले. मला उगाचच शहाणं असल्यासारखं वाटलं. कंपनीच्या बाबतीत मी स्वतः पेठेतच बसून होते हे तेव्हा कळायचं होतं.

कळलं ते स्वयंपाकघरात. आमच्या स्वयंपाकाच्या बाईंनी मंडईतून अंबाडीच्या जुड्या आणल्या होत्या, स्वस्त मिळाल्या म्हणून. आणल्यावर त्यांना प्रश्न पडला की हिचं करायचं काय. ताई दारातून बघत होत्या. त्या आत आल्या, एक जुडी ओढून घेतली आणि खाली फतकल मारून निवडायला बसल्या. हात थरथरत होते, तरी पानं भराभर वेगळी होत होती. मीही समोर जाऊन बसले आणि एक जुडी हातात घेतली.

'तुमच्याकडे करतात वाटतं ही भाजी?' मी विचारलं.

'सासरी नाई. माहेरी. जवारीच्या कन्या टाकून करो आमी. माह्या भावाले लई आवडे. लहान होता तवा मीच भरवो त्याले.'

'भाऊ कुठे असतो आता?'

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतके महिने मी त्यांच्याशी बोलत होते आणि ही एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती, याचं त्यांना खरोखर नवल वाटलं असावं. 'कंपनीत,' त्या म्हणाल्या.

मी हातातली जुडी खाली ठेवली. 'कंपनीत म्हणजे नोकरीला?'

'मंग? पुण्याले कंपनीत हाय थो. साऱ्या गावाले माईत हाय.'

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डोकं बिघडल्यावर सासरच्यांनी त्यांना घराबाहेर काढलं. नवऱ्याने दुसरी बायको केली. त्या माहेरी गेल्या तर आई-वडील राहिले नव्हते, घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, भाऊ पुण्याला कंपनीत लागला. वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात असं एक तरी घर सापडेल, पोरगा पुण्याला कंपनीत आहे म्हणून सांगणारं. कुठली कंपनी, कुठल्या भागात, हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. ताई कशाबशा पुण्यापर्यंत आल्या, स्टँडवर उतरल्या आणि लोकांना विचारू लागल्या, कंपनी कुठे आहे.

'मले वाटलं, एकच असन,' त्या म्हणाल्या. 'येवढी मोठी कंपनी, दुरूनच दिसन. लोक नुसते हासत. मंग म्या म्हनलं, बसून राहाव. सुट्टीले गावी जाईन थो, तवा इथूनच मोटार धरन ना.'

म्हणजे त्या बाईने डोकं ठिकाणावर नसतानाही बरोबर जागा निवडली होती. आणि आम्ही डोकी ठिकाणावर असलेली माणसं तिच्या भावावर गोळ्या देत होतो. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला. आम्ही बायकांना पत्ता विचारतो. बाई सांगते तो सासरचा, कारण लग्नानंतर तोच तिचा पत्ता. ताईंच्या सासरी आम्ही फोन केला होता, तिकडून सांगितलं की अशी कुणी बाई आमच्याकडे नाही, आणि तिथे शोध संपला होता. माहेर कुठलं, हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. विचारणाऱ्यांत निम्म्याहून अधिक बायका होत्या.

डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी ती गोळी कमी केली. ताईंच्या हातांची थरथर उतरली. माहेरच्या गावाचं आणि भावाचं नाव ताईंना पक्कं आठवत होतं. आमच्या समाजसेविकेने गावच्या ग्रामपंचायतीत फोन केला, तिथून किराणा दुकानदाराकडे, तिथून कुणा चुलत्याकडे, आणि दिवाळीच्या आधी भावाचा नंबर आमच्या हातात आला. फोन मी केला. बहिणीचं नाव सांगितल्यावर त्याने ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, 'ती तर वारली ना. तिच्या सासरच्यांनी सांगितलं होतं मला.' मी म्हटलं, 'नाही. मघाशी माझ्यासमोर बसून चहा प्यायल्या.'

तो पुढच्याच रविवारी आला. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, हातात फळांची पिशवी. पिंपरीतल्या एका कारखान्यात जन्मभर लेथवर काम करून नुकताच निवृत्त झालेला. ताई हॉलमध्ये वाट बघत बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. त्याच्याकडे नीट बघून म्हणाल्या, 'किती वाळला रे. जेवत नाईस का?' एवढं ऐकल्यावर तो माणूस तिथे फरशीवरच बसला आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवून रडला. मला म्हणाला, 'मॅडम, मी दर दिवाळीला त्याच स्टँडवरनं गाडी धरायचो. पोरांना, बायकोला घेऊन, तिच्या माहेरी. हिच्यासमोरनंच गेलो असेन मी.' ताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. 'गर्दी असते तिथी,' त्या म्हणाल्या. 'दिसत नाई माणूस.'

जाताना तो म्हणाला, 'मी नेतो तिला. माझ्या घरी ठेवतो. आता मी रिकामाच आहे.' ताईंनी हे ऐकलं. त्यांनी ते ऐकू नये असं मला वाटत होतं, पण माणसाच्या तोंडातून गेलेलं परत कसं घेणार? त्या दिवसापासून घरात एकच विषय. वऱ्हाडच्या ताई माहेरी जाणार. बाकीच्या बायका त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत ती मला सहन होत नसे. आमच्याकडे कुणाला न्यायला येणं ही रोज घडणारी गोष्ट नाही.

आमच्या कामात एकदम पाठवत नाहीत. आधी दिवसभरासाठी, जेवायला. मग दोन दिवस मुक्कामी. सगळं ठीक दिसलं, गोळ्यांची जबाबदारी कुणी घेतली, तर कायमचं. भावाला हे सांगितलं, तो हो म्हणाला. एक रविवार ठरला. पहिल्या वेळी सोबत मी जायचं असंही ठरलं. हे मी ताईंनाही पुन्हा पुन्हा सांगितलं, 'हे बघा, परवा फक्त जेवायला जायचं आहे. संध्याकाळी परत यायचं.' त्या हो हो म्हणाल्या. आणि रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा त्यांनी सगळं सामान पिशवीत बांधून दारात ठेवलं होतं. साड्या, स्वेटर, कंगवा, गोळ्यांचा डबा, चादरसुद्धा.

'अहो, जेवायला चाललोय आपण,' मी म्हटलं.

'असू द्या,' त्या म्हणाल्या. 'अडचन नाई होत.'

मी पिशवी काढून घ्यायला हवी होती का, याचा मी नंतर फार विचार केला. नाही घेतली. त्यांचं ते ताठ उभं राहणं, केसांना लावलेलं तेल, कपाळावरचं नीट गोल कुंकू बघून माझ्याच्याने झालं नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की आज काहीतरी चांगलं होणार. इतक्या वर्षांनंतरही मला असं वाटतं, हा माझा व्यावसायिक आजार आहे.

भाऊ हिंजवडीच्या पलीकडे मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत होता. मुलगा तिथल्याच एका आयटी कंपनीत. टॅक्सीतून जाताना त्या काचेच्या इमारती सुरू झाल्या. मी म्हटलं, 'ताई, या सगळ्या कंपन्या.' त्यांनी एक-दोनदा मान वर करून बघितलं, मग पिशवीचा बंद घट्ट केला. त्यांना आता त्यात काही घेण्यासारखं उरलेलं नव्हतं.

दार भावजयीने उघडलं. तीही वऱ्हाडचीच, पण पुण्यात आयुष्य गेलेलं, बोलणं जवळजवळ इथलं झालेलं. तिने ताईंच्या पायावर तांब्याने पाणी घातलं, पाया पडली. 'या ताई, बसा,' म्हणाली, आणि तिची नजर पिशवीवर गेली. तिने ती उचलून आत नेली नाही. दाराशेजारी चपलांच्या कपाटाला टेकवून ठेवली. मी ते पाहिलं, पण जेवणाचा वास येत होता, भाऊ धावपळ करत होता, सून अवघडलेल्या अंगाने हसून पाणी देत होती. सुनेला दिवस भरत आले होते. मी मनात म्हटलं, उगाच शंका काढू नये.

जेवण फार छान केलं होतं. पाटवडीचा रस्सा, भाकरी, ठेचा, भात. ताई मन लावून जेवल्या. भाऊ त्यांच्या ताटात वाढत राहिला. 'घे ना, घे,' म्हणत राहिला. ताईंनी रश्श्याची चव घेऊन भावजयीला सांगितलं, 'माह्या मायच्या हातचा झाला.' भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ती बाई वाईट नव्हती. घरात कुणीच वाईट नव्हतं. तसं कुणी असतं तर मला फार सोपं गेलं असतं.

जेवण झाल्यावर ताई आपलं ताट घेऊन उठल्या आणि सरळ मोरीशी जाऊन भांडी घासायला लागल्या. भावजय धावत गेली आणि त्यांच्या हातातली घासणी काढून घेतली. 'राहू द्या ताई, असं कसं? तुम्ही पाहुण्या आमच्या.'

ताई हात तसेच ओले धरून उभ्या राहिल्या. मग पदराला पुसले आणि बाहेर येऊन बसल्या. माहेरच्या घरात लेकीला पाहुणी म्हटलं की काय होतं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात मुलाने मला गॅलरीत बोलावलं. तिशीतला, सभ्य, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. 'मॅडम, अ‍ॅक्चुअली एक विचारायचं होतं. हे हेरेडिटरी असतं का? म्हणजे, नेक्स्ट मंथमध्ये बाळ येणार आहे.'

मी खरं ते सांगितलं. नात्यात असेल तर धोका थोडा वाढतो, आत्याचा आजार म्हणून फार नाही. आणि आत्या घरात राहिली म्हणून तर मुळीच नाही.

'हो, लॉजिकली कळतं,' तो म्हणाला. 'पण हिचे आई-बाबा येणार आहेत बाळंतपणाला. त्यांना आम्ही काही सांगितलेलं नाही. टू बीएचके आहे. बाबांना मी हे बोललो, ते काहीच बोलले नाहीत. मी चुकतोय का, मॅडम?'

मला त्याच्यावर चिडायचं होतं. सगळी तयारी होती, शब्दही ओठांवर होते. पण त्याने आत्याला आयुष्यात पहिल्यांदा आज बघितलं होतं, आणि आत त्याची बायको पोट सांभाळत सोफ्यावर कूस बदलत होती. मी म्हटलं, 'थोडा वेळ घ्या. एकदम निर्णय नको.' हे आमच्या धंद्यातलं वाक्य आहे. ज्याला काही सांगता येत नाही त्याला आम्ही वेळ घ्यायला सांगतो.

आम्ही आत आलो तेव्हा चहाचं आधण ठेवलेलं दिसत होतं. भाऊ खिडकीकडे तोंड करून बसला होता. आणि भावजय आतून ताट घेऊन बाहेर आली. हळदीकुंकवाचा करंडा, नवी साडी, खण, तांदूळ, नारळ. ताट देखणं मांडलं होतं. साडी भारीतली होती. पाट आधीच ठेवलेला होता.

कुणी अमराठी माणूस तिथे असता तर त्याला वाटलं असतं, किती मान करतात हे लोक. मान होताच. पण माहेरवाशिणीची ओटी ती निघताना भरतात. आल्याबरोबर कुणी भरत नाही, राहायला आलेल्या बाईची कुणी भरत नाही. संध्याकाळही व्हायची होती. चहासुद्धा झाला नव्हता. त्या घरात कुणीही तोंडाने 'जा' म्हणालं नाही. म्हणावं लागणार नव्हतं.

ताईंनी ताटाकडे पाहिलं. मग भावाच्या पाठीकडे. तो वळला नाही. माझ्या मनात एकच चाललं होतं, की यांनी उठू नये. नको म्हणावं. डोकं दुखतं म्हणावं, आवाज येतात म्हणावं, काहीही वेडंवाकडं बोलावं, त्यांना तर मुभा होती. पण ओटीला नाही म्हणणारी बाई मी आजवर पाहिलेली नाही. भरल्या ताटाला नाही म्हणणं म्हणजे भावाच्या घराचं वाईट चिंतणं. ताई उठल्या, पाटावर बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी पदर पसरला.

भावजयीने हळदकुंकू लावलं. नवऱ्याने टाकलेलं असलं तरी नवरा जिवंत, म्हणून ताई सवाष्ण. जगाने त्यांचं बाकी सगळं काढून घेतलं होतं, ही एक पदवी तेवढी शाबूत ठेवली होती. तांदूळ पडले, खण आणि नारळ पडला. मग भावजय करंडा घेऊन माझ्याकडे वळली आणि माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघून घुटमळली. मी लग्न केलेलं नाही. मी मानेनेच राहू द्या म्हटलं.

ताईंनी ओटीतले चिमूटभर तांदूळ परत त्या ताटात टाकले. माहेर भरलेलं राहावं म्हणून टाकतात ते. एकही गोष्ट त्या चुकल्या नाहीत. सुनेपाशी जाऊन तिच्या पोटाला हात न लावता, लांबूनच कडाकडा बोटं मोडून तिची दृष्ट काढली. पदराला गाठ मारली. मग मला म्हणाल्या, 'चाला म्याडम.'

'चहा तर घे,' भाऊ म्हणाला. तो आता वळला होता. त्याचा चेहरा मला बघवला नाही.

'नाई रे. ओटी भरल्यावर थांबत नसतेत.'

पिशवी त्यांनीच उचलली. लिफ्टपर्यंत सगळे आले. भाऊ म्हणत राहिला, 'मी येत जाईन गं. दर महिन्याला येत जाईन.' ताई म्हणाल्या, 'ये. अन् जेवत जाय.'

हिंजवडीतून बाहेर पडायला आम्हाला फार वेळ लागला. रविवारी संध्याकाळीही त्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलाने चालतात. ताई खिडकीशी बसल्या होत्या. पिशवी पायाशी, आणि मांडीवर पदराची ती गाठ दोन्ही हातांनी धरलेली. मी बोलण्यासारखं काही शोधत होते. अशा वेळी काय बोलावं याचं मी दुसऱ्यांना शिक्षण देते. मी रडत होते, आणि त्यांना दिसू नये म्हणून दुसरीकडे बघत होते. त्या रडत नव्हत्या.

गाठ चाचपत त्या म्हणाल्या, 'म्याडम, ओटी त आपल्या घरी जाऊन सोडा लागते. देवापाशी.'

'हो,' मी म्हटलं.

'मंग म्या कुठी सोडू?'

'म्हणजे काय? आपल्या घरी,' मी म्हटलं. 'कोथरूडला. देव आहेत की आपल्याकडे, स्वयंपाकघरात.'

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. रागाने नाही, मला वाईट वाटू नये अशा बेताने, लहान मुलाला समजावतात तसं त्या म्हणाल्या, 'थे तुमचं हापिस हाय.'

मी तिथे सकाळी जाते, संध्याकाळी पर्स उचलून निघते, आणि रोज निघताना दारातून म्हणते, 'चला, मी घरी जाते.' इतकी वर्षं म्हणते आहे.

त्या रात्री कपडे बदलताना ताईंनी पदराची गाठ सोडून तांदूळ आणि नारळ सगळं त्या खणात बांधलं आणि पुरचुंडी उशाशी ठेवली. बाकीच्या बायकांनी विचारलं, माहेर कसं झालं. त्यांनी पाटवडीपासून साडीपर्यंत सगळं सांगितलं, सुनेचं कौतुक केलं. पिशवी का परत आणली, असं कुणीही विचारलं नाही. आमच्या बायका तेवढ्या शहाण्या आहेत.

याला आता दोन दिवाळ्या झाल्या. भाऊ बोलल्याप्रमाणे येतो, दर महिन्याला नाही, पण येतो. मोबाइलवर नातीचे फोटो दाखवतो. ताई त्याला आपल्या कॉटवर बसवतात, स्वतः खाली बसतात, आणि तो उशाकडे पाठ करून बसतो. मुक्कामाचा विषय त्याने काढला नाही, ताईंनी नाही आणि मीही नाही. स्वयंपाकाच्या बाई माझ्याकडे दोनदा आल्या, त्या तांदळात किडे झाले असतील, खोलीभर होतील, काहीतरी सांगा त्यांना. त्यांचं बरोबर आहे. मध्ये एकदा चादरी बदलताना मी ती पुरचुंडी उचलली, तर नारळ आत वाळून सुटला होता, गोटा खडखड वाजला. ताई दारात उभ्या होत्या. मी ती होती तशी उशाशी परत ठेवली.